कोरडं हाय का?

जया गवारी सिस्टर पेशंटला एक प्रश्न कधीच विचारत नसे. ताप आहे का, दुखतंय का, जेवलात का, झोप लागली का, सगळं विचारी. "कोरडं आहे का?" एवढं मात्र नाही. ते ती बघे. पडदा ओढायचा, हातमोजे चढवायचे, चादर उचलायची आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. नव्या पोरी ड्युटीवर आल्या की पहिल्याच दिवशी त्यांना ती हे ऐकवी, आणि ऐकवताना तिचा आवाज जरा चढे.

"म्हातारं माणूस या बाबतीत खोटं बोलतं. देवापुढं खरं बोलेल, तुमच्यापुढं नाही. विचारत बसू नका, बघा."

पोरी तोंडावर हात ठेवून हसत. मग महिनाभर खाटा सांभाळल्या की हसायच्या थांबत.

मंचरच्या त्या वीस खाटांच्या खाजगी दवाखान्यात तिची अकरा वर्षं झाली होती. त्याआधी आठ वर्षं जुन्नरला, एका प्रसूतिगृहात. मूळची आहुप्याची. वय चव्वेचाळीस, अंगानं काटक, चालणं भरभर, आणि बोलणं असं की नव्या माणसाला वाटावं, बाई भांडायलाच आलीय. तिला खरं तर नुसती घाई असे. दहा खाटांमागे एक सिस्टर आणि एक मावशी, यात घाई नसणारी बाई फार दिवस टिकत नाही.

तो नियम तिला तिच्या वडिलांनी शिकवला होता, तोही त्यांना नकळत. चिमाजी गवारी हा डोंगरातला माणूस. भाताची दोन खाचरं, हंगामाला हिरडा गोळा करायचा, एवढ्यावर त्यानं पोरीला नर्सिंगला घातली. ती दुसऱ्या वर्षाला असताना त्याच्यावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. जया पंधरा दिवसांची रजा काढून घरी आली. भाताची झोडणी चालू होती, आई झुंबरबाई दिवसभर खळ्यावर, घरात बाप आणि लेक दोघंच. लेकीनं बापाचं अंग उघडं बघायचं नाही, हे कुणी सांगावं लागत नव्हतं. म्हणून जया उंबऱ्यावरूनच विचारी, "बा, कोरडं हाय का?"

"हाय पोरी," चिमाजी म्हणे.

आणि जया मागं फिरे. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं होई. नवव्या दिवशी वास लपेना. तिनं आणि झुंबरबाईनं मिळून त्याला कुशीवर केलं तेव्हा भिजत घातलेल्या वालाचं साल सुटावं तशी कातडी चादरीला चिकटून आली. माघात तो गेला. लोक म्हणाले, अशक्तपणानं गेला. जयाला ठाऊक होतं कशानं गेला. ती शिकत होती तेच काम, आणि तिनं उंबऱ्यावरून विचारलं होतं.

ही गोष्ट तिनं दवाखान्यात कुणाला सांगितली नव्हती. साळुबाईच्या वेळी मात्र ती रोज तिच्या डोक्यात होती.

साळुबाई लोणीची. चौऱ्याहत्तर वर्षांची, घर खातंपितं, जमीनदार भावकीतलं. शुक्रवारी सकाळी कांद्याच्या चाळीपुढं ताडपत्रीत पाय अडकून ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन लगेच करता येईना, कारण हृदयासाठी ती रक्त पातळ करायची गोळी घेत होती. त्या गोळीचा असर उतरायला पाच-सहा दिवस हवेत. सर्जन पुण्याहून दर गुरुवारी येत. तेव्हा गुरुवार ठरला. तोवर पायाला वजन बांधून पाठीवर पडून राहायचं.

इथपर्यंत सगळं रीतसर होतं. लघवीला नळी घातली होती, ती रविवारी बाधली आणि थंडी वाजून ताप आला. नळी काढली, कडक औषध चालू केलं, ताप उतरला. पण त्या औषधानं पोट बिघडलं. सोमवारी सकाळी जया ड्युटीवर आली तेव्हा बाईला आदल्या दुपारपासून सहा वेळा जुलाब झाले होते, लघवीवर ताबा राहिला नव्हता, आणि हे सगळं होत होतं जागच्या जागी, खाटेवर.

राउंडला मोठ्या डॉक्टरांनी सर्जनना फोन लावला. जया शेजारीच उभी होती. फोनमधला आवाज तिला स्वच्छ ऐकू आला.

"कंबरेखालची कातडी फुटलेली दिसली तर मी चाकू लावणार नाही. आत धातूचा खुबा बसवायचाय. जंतू आत गेला तर पाय जाईल आणि बाईही जाईल. मग पुढच्या गुरुवारी बघू."

पुढचा गुरुवार म्हणजे आणखी आठ दिवस. ज्या बाईची कातडी चार दिवसांत फुटते तिची आठ दिवसांत काय होते, हे जयाला पाठ होतं. आज ना उद्या करता करता ती बाई खाटेला खिळते, आणि खाटेवरून तिला चौघंच उचलतात.

तिनं पडदा ओढला. साळुबाई नऊवारी लुगड्यावाचून, दवाखान्याच्या झग्यात, डोक्यावर टॉवेलचा पदर घेऊन पडली होती. जयाला बघून म्हणाली, "मी कोरडी हाय बाई. तू दुसऱ्या कुनाकडं बघ."

"बघते," जया म्हणाली आणि चादर उचलली.

आवळून बांधलेला डायपर, त्यात पावडरचा चिखल झालेला. पावडर सूनबाईनं घातली होती. अश्विनी चांगल्या मनाची, हाताला काम असलेली सून. सासूची सेवा करायची तर कसर ठेवायची नाही, म्हणून तिनं आदल्या दुपारपासून जंतुनाशकाच्या पाण्यानं धुऊन, साबण लावून, टॉवेलनं पाठ घासावी तसं खसाखसा पुसून, वर बाळाची पावडर थापली होती. मांड्यांच्या आतून मागपर्यंत कातडी लालगुलाबी झालेली, ओलसर, चकाकणारी.

जयानं बोट दाबलं. लाली पांढरी पडली आणि बोट उचलल्यावर परत आली. हाडावरची जागाही तिनं तशीच दाबून पाहिली. तीही परत आली. म्हणजे हा दाबानं पडणारा बेडसोर नव्हता. कातडी मलमूत्रानं भाजत होती, पण अजून फुटली नव्हती.

"अश्विनीताई, ही बाटली, हा साबण, ही पावडर. पिशवीत भरा आणि गाडीत ठेवून या."

"अवं पन जंतू मरायला नको का?"

"जंतूच्या आधी कातडी मरतेय. कोमट पाणी, मऊ कापड, आणि घासायचं नाही, टिपायचं. पापणी टिपतो तसं. मग झिंकचं मलम, सायीसारखं पातळ. पुढच्या वेळी ते सगळं खरवडून काढायचं नाही. घाण तेवढी उचलायची, मलम राहू द्यायचं. आणि डायपर आवळायचा नाही. खाली शोषणारी चादर, वर मोकळी हवा."

अश्विनीचा चेहरा पडला. जयाला ते दिसलं, पण समजूत घालायला वेळ नव्हता. तिनं खाटेच्या दांडीला कागद अडकवला आणि त्यावर दोन-दोन तासांचे रकाने आखले. दर दोन तासांनी कूस बदलायची. तिघींनी मिळून, वजनाचा पाय सांभाळत, दोन्ही पायांमध्ये उशी धरून. मध्ये काही झालं तर तत्क्षणी धुवायचं. मोठ्या डॉक्टरांना सांगून तिनं औषधही बदलून घेतलं.

दुपारी वॉर्डातली कुशाबाई मावशी येऊन कुजबुजली, "म्हातारीनं पेज मला देऊन टाकली. पानी बी पीत न्हाई. म्हनती, आत काय गेलंच न्हाई तर भाईर काय येईल."

जया तशीच खाटेपाशी गेली. "आजी, पाणी प्यायलं नाही तर लघवी घट्ट होते आणि जास्त जाळते. तुम्ही मला मदत करताय असं वाटतंय ना तुम्हाला? तुम्ही माझं काम वाढवताय."

साळुबाई छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "साठ वरसं त्या घरात हाय. माजी वली साडी कंदी कुनी पायली न्हाई. आन आता परक्याची लेक..."

जयानं पेला तिच्या ओठाला लावला. "मी परकी तर परकी. प्या."

सोमवारी संध्याकाळी लाली उतरू लागली. मंगळवारी सकाळी आणखी उतरली. जयाला जरा बरं वाटलं, आणि तिथंच भेटायला येणारी माणसं सुरू झाली.

आपल्याकडे दवाखान्यात भेटायला जाणं हे लग्नाला जाण्याइतकं मोठं काम आहे. गेलं नाही तर वर्षभर बोलणी खावी लागतात. गेलं आणि लगेच उठलं तर त्याहून वाईट. मंगळवारी दहाला लोणीची पहिली जीप आली. माणसं खाटेभोवती बसली, उसाचा भाव झाला, कुणाच्या तरी सोयरिकीचा विषय झाला, शहाळी फुटली. पुरुष माणसं पायथ्याशी आणि साळुबाई पदर सावरून हसत त्यांना "बसा की" म्हणतेय. पावणेबाराला माणसं निघाली. जयानं चादर उचलली तेव्हा बाई भिजून चिंब होती. किमान तासभर तशीच पडलेली. उतरलेली लाली पुन्हा चढली होती.

जया सरळ साळुबाईच्या मुलाकडे गेली. सुदर्शन बाहेर फोनवर होता. तिनं सांगितलं, गुरुवारपर्यंत भेटायला कुणी नको.

"सिस्टर, असं कसं म्हनता? मानसं लांबून येत्यात. उद्या माजे चुलते येनार हायेत. त्यांना दारातनं परत लावू? गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हानार न्हाई."

तिनं मोठ्या डॉक्टरांकडे तक्रार नेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "बरोबर आहे तुमचं सिस्टर. पण लोणीची माणसं आहेत. दुखवू नका. जरा सांभाळून घ्या." डॉक्टर माणूस वाईट नव्हता, पण गावाला सगळेच भितात.

मग जयानं साळुबाईशीच करार केला. तिच्या हातात एक निळा रुमाल दिला.

"आजी, तोंडानं बोलू नका, लाज वाटते ना? हा रुमाल खाटेखाली टाका. रुमाल खाली दिसला की मी येणार, आणि इंजेक्शन द्यायचंय म्हणून सगळ्यांना बाहेर काढणार. बाकी मी बघते. हे आपल्या दोघींतच राहील."

साळुबाईनं रुमाल मुठीत धरला. पहिल्यांदाच ती जयाकडे बघून थोडी हसली. "हे बरं हाय," म्हणाली.

बुधवारी सकाळी नऊला कातडी गुरुवारच्या लायक होती. जयानं दोनदा दाबून पाहिली. साडेदहाला पिकअप आली. अकरा माणसं, आणि पुढं काठी टेकत चांगदेव अण्णा. साळुबाईचे थोरले दीर, एक्याऐंशी वर्षांचे, भावकीतला शेवटचा शब्द. त्यांच्यासमोर साळुबाईनं साठ वर्षांत मान वर करून एक वाक्य बोललेलं नव्हतं. ते आत येताच तिनं टॉवेल भुवयांपर्यंत ओढला. अण्णा खाटेशेजारच्या एकुलत्या खुर्चीवर बसले. बाकीची माणसं दाटीवाटीनं उभी राहिली.

त्याच वेळी खाली ऊसतोडीवरचा एक माणूस आणला, कोयत्यानं मनगट कापलेला, रक्तानं सदरा लाल. जया टाके घालायला डॉक्टरांच्या हाताखाली गेली. कुशाबाईही तिथंच अडकली. जयाचा जीव मात्र वर होता. अकरा वाजता ती कापूस आणायच्या निमित्तानं वर पळत आली, दारातून डोकावली. माणसांच्या फटीतून साळुबाईचा हात दिसला. हातात निळा रुमाल. ठीक आहे. खाली गेली. साडेअकराला पुन्हा आली. हातात रुमाल. चला, आजचा दिवस निभावला, असं वाटून ती खाली गेली, आणि जाताना तिला चक्क हलकं वाटलं.

पावणेबाराला टाके संपले. ती हात धुऊन वॉर्डाकडे येत होती, तर भेटायला आलेल्यांतली साळुबाईची शेजारीण अंबाबाई पाण्याची बाटली भरायला बाहेर आलेली. भली बाई. जयाला थांबवून म्हणाली, "सिस्टर, म्हातारीला लई अशक्तपना आलाय बरं का. हातात रुमाल धरवंना. तीनदा खाली पडला. तीनदा उचलून दिला मी. शेवटाला तर तिची मूठ मिटूनच दिली, म्हनलं, धर नीट."

तीनदा. "पहिल्यांदा कधी?" जयानं विचारलं.

"कवाचं? आमी आलो, च्या आला... अकराच्या आधीच की."

पुढचं जयानं ऐकलं नाही. दारातून आत शिरताना तिच्या कानात एकच आवाज होता, हाय पोरी, हाय. तेवीस वर्षांनी ती पुन्हा उंबऱ्यावरून बघून मागं फिरली होती. एकदा नव्हे, दोनदा. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

"सगळे बाहेर चला. पेशंटला तपासायचंय," ती म्हणाली.

माणसं हलली नाहीत. नीट ऐकूच आलं नसावं. कुणीतरी भीमाशंकरचा अंगारा आणला होता, तो पुडीतून काढणं चाललं होतं. सुदर्शन पुढं आला, आवाज खाली ठेवून म्हणाला, "पाच मिन्टं थांबा सिस्टर. अण्णा अंगारा लावनार हायेत. तेवढं होऊ द्या."

"पाच मिनिटं नाहीत."

"आवं, मोठी मानसं बसली हायेत. जरा मान ठेवा."

"मी मान ठेवला, म्हणून ही वेळ आली." जयानं पडद्याला हात घातला. सुदर्शननं तोच पडदा दुसऱ्या बाजूनं धरला. रागानं नव्हे, गयावया करत. पण सोडेना. सगळी माणसं जयाकडे बघू लागली, आणि त्या बघण्यात डोंगरातली ही बाई आपल्याला उठवते म्हणजे काय, हेही होतं. तिला ते कळत होतं. ती गप्प राहिली, कारण तोंड उघडून खरं कारण सांगणं हे तिच्या हातात नव्हतं. साळुबाईची अब्रू तिनं अकरा माणसांत कशी उघडी करायची?

टॉवेलखालून आवाज आला.

"सुदर्शन, पडदा सोड."

सुदर्शननं वळून बघितलं. साळुबाईनं टॉवेल कपाळावरून मागं सारला होता. तिचा चेहरा घामानं भिजलेला, पण नजर सरळ होती, आणि ती थोरल्या दिराकडे लागली होती.

"मानसं भाईर ने. तासाभराची मी घानीत पडलीय. माजं आंग जळतंय. मला धुवायचं हाय."

बायकांच्या नजरा फरशीवर गेल्या. सुदर्शनच्या हातून पडदा सुटला. त्याचे डोळे भरून आले, आणि त्याला ते पुसायचंही सुचलं नाही.

चांगदेव अण्णांनी काठी टेकली आणि उठले. साळुबाईकडे त्यांनी पाहिलं नाही. तोही एक मानच होता. "चला रे," म्हणाले, आणि सगळ्यांच्या आधी तेच बाहेर पडले.

जयानं पडदा ओढला. अश्विनी आत राहिली, कुशाबाई धावत आली. तिघींनी कूस वळवली. कोमट पाणी, मऊ कापड, टिपणं. सगळं स्वच्छ झाल्यावर जया खाली वाकली आणि तिथंच थांबली. उजव्या बाजूला, खुब्याच्या खालच्या घडीत, रुपयाएवढी जागा. गर्द लाल, वरची कातडी पातळ होऊन ताणलेली. फुटली नव्हती. पण एकदा चादर घासली असती तर फुटली असती.

"काय झालं?" साळुबाईनं विचारलं.

"अजून शाबूत आहे," जया म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून पुढंही बोलली, "थोडक्यात राहिलंय आजी. उद्या सकाळपर्यंत त्या जागेला ओल लागता कामा नये. जरासुद्धा."

"मग मी सांगंन," साळुबाई म्हणाली. "आता काय ऱ्हायलंय लपवायचं."

तिनं सांगितलं. दोन वाजता सांगितलं, तीनला सांगितलं, साडेचारला एकदा फुकटच सांगितलं आणि ओशाळली. जया म्हणाली, फुकटचं बोलावणं मला चालतं, उशिराचं नाही. रुपयाएवढ्या जागेवर दर वेळी मलमाचा पातळ थर. अश्विनीचा हात आता इतका हलका झाला होता की जयानं तिलाच टिपायला दिलं.

बाहेर बाकड्यावर चांगदेव अण्णा काठी आडवी धरून बसले होते. पिकअप त्यांना न घेताच गेली. दुपारी आणखी एक जीप आली, तिच्यातली माणसं जिन्यातच थांबली, कारण अण्णांनी काठी उचलून रस्ता दाखवला. "ऑपरेशन झाल्यावर या," एवढंच म्हणत. मोठे डॉक्टर जाता-येता ते बघत होते. जयाला त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं स्पष्ट दिसलं, आणि तिला त्यांचा थोडा रागही आला.

रात्रपाळीच्या तेजस्विनीला तिनं खाटेपाशी नेऊन ती जागा दाखवली, बोटानं दाबून दाखवली, कागदावरचे रकाने समजावले. तेजस्विनी नवी होती. "विचारायचं नाही, बघायचं, माहितेय मला," ती म्हणाली.

गुरुवारी जया आठच्या ड्युटीला सातला आली. कागदावर बारा तासांच्या सह्या होत्या, एकही रकाना मोकळा नव्हता. चादर उचलायला तिचा हात दोनदा पुढं झाला आणि मागं आला. मग तिनं उचलली. ती जागा तशीच होती. थोडी फिकट. बोट दाबलं तर पांढरी पडली. उचललं तर लाली आली.

साडेनऊला सर्जन आले. उंच, घाईचे, कमी बोलणारे. त्यांनी कूस वळवायला लावली, टॉर्च मारली, मांड्यांच्या घड्या बघितल्या. रुपयाएवढ्या जागेवर त्यांचं बोट थांबलं. जया भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, कारण त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"जुलाब किती दिवस?"

"चार दिवस सर. कालपासून कमी आहेत."

"आणि लघवीची नळी नाही?"

"रविवारपासून नाही."

त्यांनी टॉर्च बंद केली. "वर चिकटपट्टी लावून ही जागा चाकूच्या हद्दीबाहेर ठेवू. घ्या टेबलावर."

अश्विनी भिंतीला टेकून रडायला लागली. सुदर्शन जयापुढं हात जोडून उभा राहिला. जयानं त्याला ट्रॉलीचं एक टोक धरायला लावलं. काम दिलं की माणूस सावरतो, हा तिचा अनुभव.

ट्रॉली थिएटरच्या दारापर्यंत आली. आत हिरवे कपडे घातलेली माणसं तयार होती, सर्जन टोपी बांधत होते, भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई सुईची नळी तपासत होत्या. बाकड्यावरून उठून चांगदेव अण्णाही आले होते, चार हात अंतर राखून. इतक्या सगळ्यांत चादर उचलून बघायची सोय नव्हती. जया साळुबाईच्या कानाशी वाकली. का कुणास ठाऊक, तेवीस वर्षांत न विचारलेला प्रश्न तिच्या तोंडून गेला, तोही आहुप्याच्या बोलीत.

"आजी, कोरडं हाय का?"

साळुबाईनं सुदर्शनकडे पाहिलं. अण्णांकडे पाहिलं. मग जयाकडे.

"न्हाई पोरी," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "आत्ताच वलं झालं. बघ."

जयाला क्षणभर समोरचं दिसेनासं झालं. एवढा एक शब्द तिच्या बापानं उच्चारला असता तर. तिनं बाहीनं डोळे पुसले, सर्जनना म्हणाली, "पाच मिनिटं सर," आणि उत्तराची वाट न बघता ट्रॉली मागं वळवली.

सर्जन टोपीची गाठ हातात धरून थांबले. अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं. जयानं पडदा ओढला आणि कोमट पाण्यासाठी कुशाबाईला हाक मारली.